आत्याची भिंत

१

नकाशाचं पान फाडलेलं होतं.

वकीलबाई घराच्या खरेदीखताची पानं एकेक करून उलटत होत्या आणि एका जागी त्यांचं बोट अडलं. दस्त जाड दोऱ्यानं शिवलेला होता. शेवटच्या पानाच्या अलीकडे कागदाची एक दातेरी पट्टी तेवढी उरली होती आणि तिच्याजवळ दोऱ्याचं एक टोक उसवून लोंबत होतं.

"हे असंच होतं?" त्यांनी विचारलं.

समोर बसलेली धाकटी खुर्चीतून अर्धी उठली. "नाही हो! मागच्या आठवड्यात मी स्वतः पाहिलाय. निळ्या रेघांचा नकाशा होता. खोल्या, खिडक्या, सगळं मापासकट."

धाकटी म्हणजे घरातली धाकटी. चाळिशी कधीच उलटली होती, शाळेत चित्रकला शिकवता शिकवता केस खडूसारखे पांढरे व्हायला लागले होते. पण घरानं एकदा धाकटी म्हटलं की माणूस शंभरीपर्यंत धाकटाच राहतो. हे घर होतं तिच्या आत्याचं. आत्यानं लग्न केलं नाही. टेलिफोनच्या कचेरीत कानाला यंत्र लावून उभा जन्म काढला आणि भावाच्या जोडीनं एक जुळं घर घेतलं. मध्ये एक भिंत. अलीकडचं अर्धं आत्याचं, पलीकडचं भावाचं. भाऊ, म्हणजे धाकटीचे वडील, गेल्यावर त्याचं अर्धं तिच्या दादाला मिळालं आणि धाकटीच्या वाट्याला वडिलांचा चष्मा आला. हे आत्याला फार सलायचं. म्हणून तिनं ठरवलं होतं, आपलं अर्धं हातीपायी धड असतानाच धाकटीच्या नावावर करून टाकायचं.

"बक्षीसपत्र करायला दोन गोष्टी पक्क्या लागतात," वकीलबाई म्हणाल्या. "काय देताय ते नेमकं ठरलेलं हवं, आणि देणारं माणूस पूर्ण शुद्धीत हवं. नकाशाची नक्कल नोंदणी कार्यालयातून मिळेल, अर्ज केला की. वेळ लागेल एवढंच. आत्याबाईंचं काय?"

धाकटीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. आत्या वृद्धाश्रमात होती. दादानंच तिला तिथे ठेवलं होतं, कारण गेल्या वर्षी डोळ्यांचं ऑपरेशन करून ती घरी आली ती एकच धोशा लावत: खोलीतली भिंत पुढे सरकलीय. सुरुवातीला सगळे हसले. नव्या चष्म्यानं तसं होतं म्हणाले. मग ती म्हणायला लागली, भिंतीला काळीज आहे, धडधडतं. त्यानंतर कोणी हसलं नाही.

"दादा म्हणतो, उद्या कोणी शंका काढायला नको, आधीच डॉक्टरचा दाखला घेऊ. गुरुवारी डॉक्टर आत्याला तपासणार आहेत."

"आणि त्यांनी बाईंना भ्रम आहे असं लिहिलं तर?"

"तर बक्षीसपत्र होणारच नाही. कारभार दादाकडे जाईल. तो दोन्ही घरं मिळून विकणार आणि आत्या तिथेच राहणार, कायमची." धाकटी पुढे झुकली. "तिला घरी आणायचंय हो मला. दर भेटीला विचारते, कधी नेशील म्हणून."

वकीलबाईंनी फाइल मिटली. "फाइलला हात कुणाकुणाचा लागला?"

"ट्रंकेतून दादानं काढून दिली. मग घरं विकायला दादानं गाठलेल्या दलालानं झेरॉक्स काढायला म्हणून नेली. आणि एक दुपार शेजारच्या बाइंडरकाकांकडे ठेवली होती, घराला कुलूप लावून मी आश्रमात गेले तेव्हा." धाकटी थांबली. ती उठली आणि पुन्हा बसली. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, तरी तिनं पदर अंगाभोवती ओढून घेतला.

"आणखी काही आहे," वकीलबाई म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता.

"बाई, ते काळीज," धाकटी म्हणाली, "मलाही ऐकू येतं."

२

घराला लागलेली दृष्ट काढता येते म्हणतात, पण घरच डोळे वटारून बघायला लागलं तर काय करायचं? धाकटी बदली घेऊन या गावात परत आली, भाड्याची खोली सोडून आत्याच्या घरात राहायला आली, आणि पहिल्याच दिवशी त्या मधल्या खोलीत पाऊल टाकताच तिला गरगरल्यासारखं झालं. कुठे काही वावगं दिसत नव्हतं. दादानं आत्याच्या ऑपरेशनच्या वेळी हौसेनं घर रंगवून घेतलं होतं. भिंती मलईच्या रंगाच्या, गुळगुळीत. आत्यासाठी सुबक नवा पलंग. तरीही खोली एखाद्या बिघडलेल्या चित्रासारखी वाटे. काय बिघडलंय ते सापडत नाही आणि नजर मात्र पुन्हा पुन्हा तिथेच जाते, तसं.

ती पलंगावर पडे तेव्हा पंख्याचं वारं तिच्या अंगाला लागतच नसे. भिंतीवरच्या कॅलेंडराची पानं मात्र दिवसभर फडफडत राहत.

मग तो आवाज. भुतंसुद्धा अंधार पडायची वाट बघतात. हा आवाज भर दुपारी येई, पोरं रस्त्यावर खेळत असताना, भाजीवाली ओरडत असताना. आधी भिंतीच्या आत कुणीतरी खोकल्यासारखं होई. मग ठप्प. थोडी उसंत. पुन्हा ठप्प. त्यासोबत कसलासा आंबूस वास.

ती दर वेळी धावत बाहेर जाई. एरवी शेजारी, दादाच्या अर्ध्या घरात, भाडेकरू बाइंडरकाका पुढच्या पडवीत वह्या शिवत बसलेले असत, इतके मुकाट की जणू त्यांनाच कुणी शिवून ठेवलंय. आवाजाच्या वेळी मात्र पडवी रिकामी असे. आणि तसंही दोन घरांमधली भिंत ही एवढी जाड! लहानपणी वडील पलीकडे घोरायचे तर आई म्हणायची, "भिंत आहे म्हणून तुमची आत्या झोपते बिचारी." पलीकडचं काही म्हणता काही अलीकडे येत नसे.

शेवटी तिनं हट्टानं एक काम केलं. स्वतः काढलेलं आत्याचं चित्र आणलं आणि त्याच भिंतीवर टांगायला खिळा ठोकला. खिळा लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. चित्रातली आत्या हसत होती. धाकटीला जरा धीर आला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आली तर चित्र पालथं पडलं होतं. काच फुटली होती. आणि खिळा फरशीवर, चित्रापासून चांगला लांब पडला होता. भिंतीनं थुंकून टाकावा तसा.

त्या संध्याकाळी दादा आला. तो रोजच यायचा, डबा घेऊन. तिनं सगळं सांगितलं तेव्हा त्यानं आधी तिच्या कपाळावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा.

"आजी आठवते तुला?" तो हळूच म्हणाला. "शेवटी शेवटी भिंतीशी बोलायची. मग आत्या. आपल्या घरातल्या बायकांना आहे हे, धाकटे. लपवून काय होणार? गुरुवारी डॉक्टर येतीलच. तुलाही दाखवून घेऊ."

त्याच्या हाताची ऊब अजून कपाळावर होती. भिंतीला ती भीत होतीच. आता ती स्वतःला भ्यायला लागली.

३

"कागद सांगतो मालक कोण आणि घर सांगतं नांदतंय कोण," असं म्हणत वकीलबाई कचेरीतल्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, दारात उभ्या राहिल्या. ठेंगण्या, पायात पोरींसारखे कापडी बूट, तोंडात लवंग. घर पाहिल्याशिवाय त्या कुठल्याच व्यवहाराला हात घालत नसत. त्यापायी कोर्टात त्यांना सगळे 'पायपीटबाई' म्हणायचे आणि त्यांना ते ठाऊक होतं.

मधल्या खोलीत त्या उंबऱ्यावरच थांबल्या. छताकडे पाहिलं, मग जमिनीकडे. भिंतीला हातसुद्धा लावला नाही. मागच्या पडवीत गेल्या तिथे एक जुना थोराड पलंग उभा करून ठेवला होता, त्याच्यावर गोणपाट.

"हा कोणाचा?"

"आत्याचा. वाळवी लागली म्हणून दादानं काढला. ऑपरेशनहून येईल तोवर नवा आणून ठेवला तिच्यासाठी." धाकटी गोणपाटावरून हात फिरवत म्हणाली, "ह्याच्यावर झोपायचे मी तिच्याजवळ. डोकं खिडकीखाली आणि पाय भिंतीला. उन्हाळ्यात ती भिंत अशी गार लागायची!"

वकीलबाईंनी लवंग या गालातून त्या गालात नेली.

एवढ्यात पुढच्या खिडकीत एक डोकं दिसलं आणि लगेच गेलं. धाकटी किंचाळली. वकीलबाई तशाच बाहेर धावल्या आणि त्यांनी दलालाला फाटकापाशी गाठलं.

"चोरासारखं काय डोकावता?"

"चोर कसला, बाई? पोट आहे माझं." दलाल घाम पुसत होता. "दोन्ही घरं एकत्र घेणारं गिऱ्हाईक आहे माझ्याकडे. म्हटलं घरात माणूस आहे का बघावं. लोक म्हणतात हे घर बायकांना लागतं. असं नाव पसरलं तर माझं गिऱ्हाईक पळेल हो!"

"खरेदीखतातला नकाशा तुम्ही काढलात?"

दलाल हसला, अगदी खरंखुरं. "मी? जन्म गेला या धंद्यात. मूळ प्रत जाळली तरी नोंदणी कार्यालयात नक्कल असतेच. असलं पोरकट काम मी करीन?"

वकीलबाईंनी मान हलवली आणि शेजारच्या पडवीकडे वळल्या. बाइंडरकाका सुईत दोरा ओवत होते. समोर शिवलेल्या वह्यांची चळत, एकसारखी, कुठे दोऱ्याचं टोक म्हणून बाहेर नाही.

"काका, तुमचं काम मागच्या अंगालाही चालतं का?"

"छे छे!" काकांनी सुई वहीत खुपसली. "सगळं इथेच, पडवीत. मागे काय, माझी खाट नि चूल. तुमच्या भिंतीशी माझा काय संबंध? मालकांना विचारा हवं तर."

"मी कुठे भिंतीचं विचारलं?" वकीलबाई म्हणाल्या.

काका उत्तर द्यायला गेले आणि त्यांना खोकला आला. कोरडा, दोनदा तुटून तिसऱ्यांदा लांबणारा.

धाकटीनं पडवीचा खांब धरला. तिच्या भिंतीत खोकत होतं ते हेच.

४

"मग झालं तर!" धाकटी घरात येऊन म्हणाली. तिला हसावं की रडावं कळत नव्हतं. "काकाच. पुस्तकं उसवणं-शिवणं त्यांचाच धंदा, पान त्यांनीच काढलं. आणि भिंतीतून भिववतात तेही तेच."

"घाई करू नका. तुमच्या वडिलांचं घोरणं ज्या भिंतीतून आलं नाही, तिच्यातून काकांचा खोकला कसा येतो?"

तेवढ्यात दादा आला. हातात नेहमीप्रमाणे डबा. वकीलबाईंना पाहून क्षणभर बिचकला, मग त्यानं वाकून नमस्कार केला. त्याच्यासारखा नम्र माणूस शोधून सापडायचा नाही, असं सगळी गल्ली म्हणायची.

वकीलबाईंनी त्याला खोकल्याचं सांगितलं. पलंग, पंखा, कशाचंच नाव काढलं नाही.

"काय सांगता! भाडेकरूला मी आजच घालवतो," दादा ताडकन म्हणाला. "संध्याकाळच्या आत सामान बाहेर. माझ्या बहिणीला भिववतो म्हणजे काय?"

"आजच कशाला? उद्या डॉक्टर तपासून जाऊ देत की."

"नको, नको. ब्याद गेलेली बरी." मग त्यानं आवाज खाली आणला. "बाई, तुम्ही परक्या नाही म्हणून सांगतो. खोकला काकांचा असेलही. पण भिंत सरकते हे तर आत्या सांगते ना? ते काय काका करतात? आणि धाकटीलाही या खोलीत गरगरतं. विचारा तिला. मी डॉक्टरांच्या कानावर घातलंय. दोघींनाही एकदमच तपासतील. आश्रमात जागा आहे, वेळ पडली तर."

डबा टेबलावर ठेवून तो गेला. धाकटीला खोली पुन्हा फिरल्यासारखी वाटली. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले. एक खाट आत्याची, तिच्याशेजारी एक खाट आपली, आणि दादा दर रविवारी दोघींना डबा घेऊन येतोय, असं तिला स्पष्ट दिसलं. ती एवढी भ्याली की तिनं वकीलबाईंचा हात गच्च पकडला.

"मी वेडी होतेय का, बाई? खरं सांगा."

"उद्या सकाळी चहाला सगळ्यांना बोलवा," वकीलबाई म्हणाल्या. "दलाल, काका, तुमचा दादा. डॉक्टरांना मी सांगते, आश्रमात जाण्याआधी इकडे डोकावून जा म्हणून. आणि आज माझ्याकडे झोपायला चला. या खोलीत तुम्हाला भीती वाटते ती योग्यच आहे. इथे खरंच एक चोरी झालीय."

"पान ना?"

"पान नव्हे हो. पानापेक्षा फार मोठी वस्तू. तुमच्या डोळ्यांसमोर आहे, म्हणजे नाहीये."

५

सकाळी मधल्या खोलीत माणसं दाटीवाटीनं बसली. डॉक्टर कोपऱ्यात खुर्ची घेऊन होते, कपाळाला आठी घालून. त्यांना उशीर होत होता; फाडलेल्या पानाचं वकीलबाईंनी त्यांच्या कानावर घातलं होतं. दलाल दाराशी. काका उभेच, हातात टोपी. त्यांचं सामान बाहेर पडवीत बांधून ठेवलं होतं. दादा सगळ्यांना चहा देत होता.

"माझी पाठ दुखते बाई या नव्या पलंगावर," वकीलबाई म्हणाल्या. "दादा, तो जुना पलंग मागून आणता का? काका, तुम्ही एक बाजू धरा."

दादा चहा ओतता ओतता थांबला. "त्याला वाळवी लागलीय."

"लागू दे. मी कुठे खाणार आहे?"

नवा पलंग बाहेर काढला. जुना आत आला. वकीलबाईंनी त्याच्या पायावर किल्लीनं टकटक केलं. भरीव, खणखणीत आवाज. "वाळवी बहुतेक उपाशी मेली," त्या म्हणाल्या. "आता लावा बघू पूर्वीसारखा. उसं खिडकीला, पायतं भिंतीला."

पलंग लागेना. उसं खिडकीखाली टेकवलं तर पायतं भिंतीवर चढत होतं. तिरका केला, उलटा केला. काका घामाघूम झाले. पलंग मावायचं नाव घेईना.

धाकटी उठून उभी राहिली होती. तिच्या तळपायांना ती जुनी गार भिंत आठवत होती.

"लाकूड फुगलं असेल," दादा म्हणाला.

"लांबीला?" दलालाला राहवलं नाही.

"पलंग तोच आहे, खिडकी तीच आहे," वकीलबाई म्हणाल्या. "उरली भिंत. आता सगळ्यांनी वर बघा."

सगळ्यांनी माना वर केल्या. पंखा. इतके दिवस धाकटी त्याच्याखाली झोपत होती, मुलांना कागदाचा मध्य काढायला शिकवत होती, आणि तिच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता! पंखा खोलीच्या मधोमध नव्हताच. तो त्या भिंतीच्या अंगाला झुकून होता, त्याचं सगळं वारं कॅलेंडरावर जात होतं.

"पंखा मध्यावरच टांगतात. भिंत उचलून पुढे आणली, पण छताचा हूक काही सरकवला नाही." वकीलबाईंनी आता कुठे भिंतीवर बोटं वाजवली. आवाज पोकळ आला, रिकाम्या खोक्यावर वाजवावं तसा. "जुनी जाड भिंत पाडली आणि ही पातळ फळ्यांची पुढे उभी केली. वर ताजा रंग. आत्याबाई दवाखान्यात होत्या, धाकटी परगावी. खोलीचा पट्टा पलीकडे गेला. काका, त्या पट्ट्यात काय आहे?"

काका तिथेच पलंगावर बसले. "माझं दाबयंत्र, बाई. आणि कागदाची फडताळं. मी आलो तेव्हा भिंत अशीच होती, देवाशपथ! मालक म्हणाले, मागच्या कामाचं कुणाला सांगू नकोस, परवानगी नाही, सांगितलंस तर घर सोड. दुपारी खळ लावून दाबायला बसतो. परवा भिंतीतून एक खिळा बाहेर आला, कागदाच्या गठ्ठ्यात घुसला. माझीच बोबडी वळली हो! हातोडीनं परत ठोकला." ते धाकटीकडे वळले. "ताई, मला वाटलं या घरात काहीतरी आहे. लोक म्हणतात ना."

इतक्या दिवसांनी धाकटीला हसू आलं. भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन माणसं एकमेकांना भूत समजून थरथरत होती.

"मग पान कोणी काढलं?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांच्या कपाळावरची आठी कधी गेली ते त्यांनाही कळलं नव्हतं.

"मोजमाप जुळवून पाहिलं असतं तर चोरी उघडी पडली असती, म्हणून पान गेलं. दलालांना माहीत आहे की नक्कल मिळते, ते हा उद्योग करणार नाहीत. काका पान काढते तर दोरा उसवून, पान सोडवून, पुन्हा असं शिवते की मलाही कळलं नसतं. त्यांच्या वह्या बघा. हे पान घाईनं ओरबाडलंय. दोऱ्याचं टोक लोंबत ठेवून. ज्याला शिवणही येत नाही, कायदाही येत नाही, आणि ज्याला फक्त गुरुवारपर्यंतच वेळ काढायचा होता, अशा, रोज या घरात येणाऱ्या माणसानं." वकीलबाईंनी दादाकडे पाहिलं नाही. त्यांची नजर जुन्या पलंगावर होती. "तरीही मी म्हटलं असतं, संशय आहे, पुरावा नाही. पण हा पलंग बोलतो. भिंत पुढे येणार, जुना पलंग मावणार नाही, हे ज्याला आधी ठाऊक होतं त्यानंच मापानं आखूड पलंग आणून ठेवला. वाळवी नसलेल्या पलंगाला वाळवी लावली."

पंखा कॅलेंडराची पानं उलटत होता.

"दादा?" धाकटी म्हणाली.

दादानं खाली बघितलं. मग जे बोलला ते अगदी लहान आवाजात. "जागा कमी म्हणून भाडेकरू टिकत नव्हते. मला वाटलं, म्हातारी आहे, डोळे गेलेत. तिच्या लक्षात येणार नाही."

"आणि आलं तेव्हा?"

"आलं तेव्हा काय करणार होतो? भिंत पुन्हा मागे नेऊ? लोक हसायला लागले होते तिला. मी फक्त..." त्यानं एक रिकामी कपबशी उचलून पुन्हा ठेवली. "मी फक्त गप्प राहिलो. मग ते वाढत गेलं."

"गप्प नाही राहिलास," धाकटी म्हणाली. आजवर दादावर रागवायची तिला सवय नव्हती. "माझ्या कपाळावर हात ठेवून तू मला वेडी म्हणालास."

६

आश्रमाच्या भेटीच्या खोलीत आत्या आधीच येऊन बसली होती. धुतलेलं लुगडं, घट्ट बांधलेला अंबाडा, हात मांडीवर. एखादी मुलगी तोंडी परीक्षेला बसावी तशी. डॉक्टरांनी वार, महिना, नातीगोती सगळं विचारलं. तिनं सगळं बिनचूक सांगितलं. मग डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला.

"आत्याबाई, तुमच्या घरातली ती भिंत. ती सरकली असं तुम्ही म्हणत होता."

आत्याचा चेहरा उतरला. तिनं धाकटीकडे पाहिलं, मग दाराकडे, जिथून दादा यायचा. तिची बोटं एकमेकांत अडकली.

"नाही हो डॉक्टर," ती घाईनं म्हणाली. "भिंत कुठे सरकते? माझाच भास तो. नवा चष्मा होता. आता काही नाही. आता अजिबात काही ऐकू येत नाही मला. बरी आहे मी."

धाकटीला सगळं कळलं. घरी जायला मिळावं म्हणून ही बाई एकटीच्या खोलीत बसून हे वाक्य घोकत राहिली असेल. जे कानांनी ऐकलं आणि डोळ्यांनी पाहिलं ते सगळं गिळून टाकायला शिकली असेल. धाकटी तिच्यापाशी खाली बसली.

"आत्या, खरं सांग. कोणी रागवणार नाही."

"नको गं." आत्या कुजबुजली. "खरं सांगितलं की ठेवतात."

"आता नाही ठेवणार. सांग. मला सांग."

आत्यानं डॉक्टरांकडे पाहिलं. ओठ पुन्हा ते घोकलेलं वाक्य जुळवू लागले. पण तिनं आयुष्यभर अनोळखी माणसांच्या कानात स्पष्ट बोलण्याची नोकरी केली होती, आणि तोच आवाज आता निघाला.

"सरकली. चांगली हातभर सरकली. माझे पाय दुमडून झोपावं लागायचं. आणि आत कुणीतरी खोकतं, त्याला औषध द्या कोणीतरी."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "मी आज सकाळीच ती भिंत बघून आलोय, आत्याबाई," ते म्हणाले. "औषधही दिलंय." आणि त्यांनी दाखल्यावर लिहिलं की देणाऱ्या बाईंची बुद्धी, स्मृती आणि नजर शाबूत आहे. नजर हा शब्द दाखल्यात लागत नाही. त्यांनी तो मुद्दाम लिहिला.

बक्षीसपत्राची नोंदणी झाली, आत्याच्या मरेपर्यंत राहण्याच्या हक्कासकट. दादानं पट्टा सोडल्याचं लिहून दिलं. तो हल्ली डबा घेऊन येत नाही. काका यंत्र घेऊन पडवीत आले. फळ्यांची भिंत एका दुपारी निघाली. खरी भिंत जुन्या जागी बांधायला गवंडी पुढच्या आठवड्यात येणार होता, तोवर मध्ये एक पडदा टांगला होता.

आत्या घरी आली ती चहासुद्धा न घेता सरळ मधल्या खोलीत गेली. जुना पलंग जागेवर होता. ती त्याच्यावर आडवी झाली, डोकं खिडकीखाली. वर पंखा फिरत होता, नेमका मधोमध, आणि वारं तिच्या कपाळावर येत होतं. तिनं पाय लांब केले, आणखी लांब केले, आणि ते हवेतच राहिले.

"इथे होती," ती म्हणाली. टाचा अंदाज घेत हलल्या. "अगदी इथे."

"आठवडाभर थांब, आत्या. बांधतोय ना."

"मग तोवर तू बस तिथे."

धाकटी पायथ्याशी, जमिनीवर, पाठ करून बसली. दोन गार, सुरकुतलेले तळवे तिच्या पाठीला टेकले आणि निवांत झाले. ती जराही हलली नाही.